ताडून पाहायला जागा लागते

शेत आपण तिरकं मोजत नाही. पत्र्याचं शेड, सतरंजी, दुकानाचा गाळा, सगळ्याला लांबी आणि रुंदी असते. स्क्रीन तेवढी आपण एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी मोजतो आणि त्या एका आकड्यावर पन्नास-साठ हजारांचा निर्णय घेऊन मोकळे होतो. ‘चौदा घेऊ का पंधरा पॉइंट सहा? का सरळ सोळाच घेऊन टाकू?’ हा प्रश्न चाकूरमध्ये मला वर्षातून सात-आठ वेळा तरी येतो. मी इथं बसून पुस्तकांची प्रूफं तपासतो, भाषांतरं करतो, त्यामुळं गावात ‘दिवसभर कॉम्प्युटरवर असणारा माणूस’ ही माझी ओळख आहे. विचारणारे बहुतेक विशीतले असतात. मी त्यांना उलट विचारतो : इंच राहू द्या, शेजारी-शेजारी काय ठेवायचंय ते आधी सांगा.

साहित्याच्या जागी लॅपटॉपच्या इंचांची चर्चा कशाला, असं कुणाला वाटेल. पण छापील पुस्तकाच्या जगात डेमी, क्राउन, पॉकेट साइझ हे शब्द रोजचे आहेत आणि पुस्तकाचा आकार ठरवताना प्रकाशक दहा वेळा विचार करतो. आज आपला कागद स्क्रीन आहे. कागदाचा आकार बदलला की लिहिण्याची चाल बदलते, आणि माझं म्हणणं असं, की त्यात सगळ्यात जास्त फरक समीक्षेला पडतो. कारण कविता एका पानावर मावते, कथा पानामागून पान वाचता येते. समीक्षेला मात्र एकाच वेळी दोन पानं उघडी लागतात.

तिरक्या मापाची गंमत

आधी हिशेब करू. बाजारात १५.६ इंची लॅपटॉपची स्क्रीन अजूनही बऱ्याचदा १६:९ या प्रमाणात असते. म्हणजे रुंदी सुमारे ३४.५ सेंटिमीटर आणि उंची १९.४. नव्या १४ इंची लॅपटॉपांपैकी बरेच १६:१० प्रमाणाचे असतात : रुंदी ३०.२, उंची १८.८. नावात १.६ इंचांचा फरक आहे. उंचीत तो फक्त ६ मिलिमीटर भरतो. पेन्सिलीच्या जाडीएवढाही नाही. मजकूर वरून खाली वाहत असल्यानं वाचणाऱ्याला उंचीच लागते, आणि मोठ्या नावाची स्क्रीन घेऊन नेमकी तीच फारशी मिळत नाही. १६:१० प्रमाणातली १६ इंची स्क्रीन २१.५ सेंटिमीटर उंच असते. त्यात थोडं बरं वाटतं.

पण ही उंचीही सगळी आपली नसते. वर टॅब, त्याखाली पत्त्याची पट्टी, खाली टास्कबार, असे मिळून तीन-चार सेंटिमीटर जातात. आपल्या लिपीला शिवाय वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय लागतात. ओळी जवळ आणल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला जाऊन भिडतो. म्हणून देवनागरीत ओळींमध्ये अंतर जास्त ठेवावं लागतं, आणि त्याच स्क्रीनवर इंग्रजीच्या मानानं मराठीच्या ओळी कमी बसतात.

आता बाहेरून जोडायचा मॉनिटर बघा. दुकानदार ज्याला ‘चोवीस इंची’ म्हणतो तो बहुधा २३.८ इंची असतो. त्याची रुंदी ५२.७ सेंटिमीटर आणि उंची २९.६. ए-फोर कागद २९.७ सेंटिमीटर उंच असतो. म्हणजे विद्यापीठाला द्यायचा प्रबंध ज्या कागदावर छापून निघतो, तो कागद या स्क्रीनवर उभा धरला तर जवळपास काठोकाठ बसतो. आडव्या दिशेनं असे अडीच कागद मावतात.

मराठी पुस्तकांचा नेहमीचा डेमी आकार साधारण १४ बाय २१.६ सेंटिमीटर. जुन्या पुस्तकाचं स्कॅन केलेलं असं पान पूर्ण दिसेल एवढं उघडलं तर १५.६ इंची लॅपटॉपवर ते मूळ आकाराच्या पाऊण पटीहूनही लहान होतं. साडेसहा इंची फोनची रुंदीच ६.८ सेंटिमीटर, तिथं ते निम्म्याहून लहान होतं, म्हणजे दहा पॉइंटचं अक्षर पाच पॉइंटांचं. बोटांनी मोठं करून डावीकडून उजवीकडं आणि पुन्हा डावीकडं ओढत ज्यांनी जुनं पुस्तक वाचलंय, त्यांना यातला त्रास वेगळा सांगायला नको. चोवीस इंचीवर अशी तीन पानं मूळ आकारात शेजारी-शेजारी उभी राहतात आणि वर जागा उरते.

तीन हा आकडा महत्त्वाचा आहे. त्याकडं जाण्याआधी थोडं मागं जाऊ.

पोथी, पासोडी आणि बांधलेलं पुस्तक

रुंद स्क्रीन आपल्याला नवी वाटते, पण आपलं जुनं वाचन आडव्या पानावरच झालं. पोथीचं पान रुंद आणि बुटकं. ती पाटावर किंवा लाकडाच्या घडीच्या ठवणीवर ठेवायची आणि समोर ताठ बसून वाचायची. पानं सुटी. वाचून झालेलं पान उचलून पालथं ठेवायचं. या सुट्या पानांचा एक फायदा बांधलेल्या पुस्तकानं घालवला : पोथीतलं तिसरं पान आणि तीसावं पान काढून शेजारी मांडता येत असे. पुस्तकात त्यासाठी मधे बोट घालून बसावं लागतं.

दोन पोथ्या शेजारी मांडून काय होऊ शकतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच मराठवाड्यातलं आहे. ज्ञानेश्वरी लिहून झाली शके १२१२मध्ये. पुढच्या तीनशे वर्षांत हातानं नकला होत होत तिच्यात अपपाठ शिरले. पैठणच्या एकनाथांनी वेगवेगळ्या प्रती ताडून पाहिल्या आणि शके १५०६, म्हणजे इसवी सन १५८४मध्ये, शुद्ध केलेली प्रत तयार केली. आज घरोघरी पारायणाला जी ज्ञानेश्वरी असते, तिच्यामागं हे काम आहे. पुढं १९०९मध्ये वि. का. राजवाड्यांनी आपल्याला मिळालेल्या पोथीवरून वेगळ्या पाठाची ज्ञानेश्वरी छापली, आणि अभ्यासकांना पुन्हा दोन पाठ समोरासमोर ठेवावे लागले.

‘ताडून पाहणं’ हा आपला शब्द फार नेमका आहे. आठवून पाहणं वेगळं. ताडून पाहताना दोन्ही गोष्टी डोळ्यांसमोर असाव्या लागतात. एक समोर आणि दुसरी डोक्यात असली, की डोक्यातली नकळत समोरच्यासारखी होत जाते. प्रूफं तपासणाऱ्या कुणालाही विचारा : पाठ असलेल्या मजकुरातल्या चुका सगळ्यात जास्त सुटतात.

एकनाथांच्याच काळात अंबाजोगाईला दासोपंत होते. त्यांनी ‘पंचीकरण’ हा विषय एका पासोडीवर लिहिला. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद जाडं कापड, आणि त्यावर मजकूर. पंचमहाभूतं एकमेकांत कशी मिसळतात, कुठल्या तत्त्वाचा कुठं किती अंश, अशा विभागण्यांचा हा विषय. तो एकामागून एक अशा सुट्या पानांवर लिहिता आला असता. तशा पोथ्या दासोपंतांनी भरपूर लिहिल्या आहेत. तरी त्यांनी एवढं मोठं कापड घेतलं. मला त्याचं कारण असं वाटतं, की ज्या विषयात प्रत्येक भागाचं दुसऱ्या भागाशी नातं दाखवायचं असतं, तो विषय एका नजरेत पसरलेला असला तर समजायला सोपा जातो. पासोडीची ४ फूट रुंदी म्हणजे १२२ सेंटिमीटर; चोवीस इंची दोन मॉनिटर शेजारी ठेवले तरी तेवढी भरत नाही.

म्हणून मोठी स्क्रीन म्हणजे आयटीवाल्यांची किंवा गेम खेळणाऱ्यांची चैन, ही समजूत मला पटत नाही. मोठ्या पृष्ठभागाची गरज पंडितांना आणि संतांना चारशे वर्षांपूर्वी पडली होती.

तिसरी जागा

गेल्या पावसाळ्यात एम.ए. करणारी एक मुलगी वडिलांना घेऊन माझ्याकडं आली. जवळच्या खेड्यातली. सोयाबीनचे पैसे हातात आले होते आणि लॅपटॉप घ्यायचा होता. वडील म्हणाले, “सर, एकदाच घ्यायचाय, मग मोठाच घेऊ की. बारका कामून घ्यायचा?” पंचेचाळीस-पन्नास हजारांच्या खरेदीत माणूस असाच विचार करतो. त्यात हसण्यासारखं काही नाही.

मी तिला विचारलं, काम काय करणार? तिचा लघुप्रबंध जात्यावरच्या ओव्यांवर होता. गावातल्या सात-आठ म्हाताऱ्या बायांकडून तिनं ओव्या फोनवर रेकॉर्ड करून घेतल्या होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी फिरून, बायांना गाती करून, ओव्यांचा प्रचंड संग्रह उभा केला. एक लाखाहून जास्त ओव्यांचा तो संग्रह आता ‘पारी’च्या संकेतस्थळावर आहे. आपल्या गावातली ओवी त्या संग्रहात कुठं, कोणत्या रूपात सापडते, हे तिला बघायचं होतं. आणि हे सगळं ती तोवर फोनवर करत होती. रेकॉर्डिंग ऐकायचं, थांबवायचं, संग्रह उघडायचा, शोधायचा, परत यायचं, टिपण काढायचं. दर वेळी आधीची खिडकी नजरेआड. फोनचे दोन भाग करून बघितले, तर टाइप करायला लागल्याबरोबर कीबोर्ड वर येऊन अर्धा भाग झाकायचा.

तिच्याच बोलण्यातून तीन जागांचा हिशेब निघाला. ताडून पाहायला दोन गोष्टी समोर लागतात असं आपण म्हणतो, पण खरं तर तीन लागतात : हा पाठ, तो पाठ आणि आपलं टिपण. टिपण लिहायला गेलं की पाठांपैकी एक झाकला गेला, तर आपण पुन्हा आठवणीवर आलो.

या तीन जागा १५.६ इंची लॅपटॉपवर काढायच्या तर प्रत्येकीला साडेअकरा सेंटिमीटर येतात आणि सगळंच बारीक होतं. सोळा इंचीची रुंदीही तेवढीच, ३४.५, उंची वाढल्यामुळं दोन पानं बरी दिसतात, पण तिसऱ्या जागेला बोळकांडी उरते. चौदा इंची लॅपटॉप आणि त्याला चोवीस इंची मॉनिटर जोडला, तर दोन पाठ मॉनिटरवर आणि टिपण लॅपटॉपवर. साधा चोवीस इंची मॉनिटर सात ते दहा हजारांत येतो. तिच्या हातातल्या रकमेत सोळा इंची लॅपटॉप बसत होता किंवा चौदा इंची अधिक मॉनिटर बसत होता. तिनं दुसरं घेतलं. वडील थोडे नाराज झाले. मॉनिटरचं खोकं बघितल्यावर जरा बरं वाटलं त्यांना, कारण ते चांगलं मोठं होतं.

नंतर ती एकदा भेटली तेव्हा तिनं जे सांगितलं, ते मला या लेखापुरतं फार मोलाचं वाटतं. गावातल्या एका आजीची ओवी संग्रहातल्या ओवीपेक्षा एका शब्दानं वेगळी होती. फोनवर काम चालू असताना तिनं टिपणात लिहून ठेवलं होतं, ‘आजी शब्द विसरल्या.’ दोन्ही पाठ शेजारी आल्यावर, त्याच आजीच्या बाकी ओव्याही खाली एका रांगेत दिसायला लागल्या. तेव्हा लक्षात आलं, की भावाला गाताना आजी एक शब्द घेतात आणि लेकाला गाताना दुसरा, आणि दर वेळी तसंच करतात. अर्धी ओवी इकडची, अर्धी तिकडची जोडून नवी करतात. म्हणजे विसरणं कुठंच नव्हतं, निवड होती. तिच्या प्रबंधातलं एक प्रकरण त्यामुळं उलटं फिरलं. शिकलेल्या माणसानं जिला विसरभोळी ठरवलं होतं, ती बाई कवी निघाली.

हे मॉनिटरनं केलं असं मी म्हणणार नाही. मुलगी हुशार होती. पण हुशारीला बघायला जागा लागते.

फोनवर लिहिलेली समीक्षा

आता थोडं कडू बोलतो. माझ्याकडं वाचायला येणाऱ्या पुस्तक-परीक्षणांपैकी पुष्कळ आता अंगठ्यानं लिहिलेली असतात. लिहिणाऱ्यानं सांगितलं नाही तरी ते कळतं. परिच्छेद तीन-चार ओळींचे. एक मुद्दा सुरुवातीला येतो, तोच मधे वेगळ्या शब्दांत येतो आणि शेवटी पुन्हा येतो, कारण लिहिताना फोनवर आठ-दहा ओळींच्या वरचं दिसतच नव्हतं. ‘अस्वस्थ करणारं’ हे विशेषण तीनदा, ‘अंतर्मुख करतं’ दोनदा. पात्राचं नाव एका ठिकाणी वेगळं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मूळ पुस्तकातलं काहीच नेमकं नाही. कुठल्या प्रसंगात भाषा बदलते, कुठं निवेदक बाजू घेतो, आधीच्या पुस्तकापेक्षा हे पुस्तक कुठं वेगळं, यातलं काही नाही. पुस्तक वाचून झाल्यावर जे वाटलं, तेवढं आहे. वाटणं खरं असतं. पण त्याला आधार द्यायचा तर पुस्तक उघडावं लागतं, आणि फोनवर पुस्तक उघडलं की लेख बंद होतो.

याला लिहिणाऱ्याचा आळस म्हणून मोकळं होता येत नाही. साधनाचं वळण लेखनाला लागतं. बोळकांडीतून बघत लिहिलं की लेखाला बोळकांडीचा आकार येतो. आपल्या काळातल्या परीक्षणांत कौतुक भरपूर आणि तुलना कमी का, याची कारणं ओळखीपाळखीत आणि गटबाजीत शोधली जातात. तिथं ती सापडतीलही. एक कारण मला या साडेसहा इंचांत दिसतं.

दुसरी बाजूही तितकीच खरी. फोन नसता तर यातले निम्मे लोक लिहीतच नसते. तालुक्याच्या गावात बसून, शेतातून आल्यावर, एसटीत उभं राहून मराठी लिहिणारी एक पिढी फोननं तयार केली. आणि सलग गद्य वाचायला फोन वाईट नाही. त्याचा अरुंद स्तंभ वर्तमानपत्राच्या स्तंभासारखा आहे; ओळ छोटी, नजर पुढची ओळ चुकत नाही. तुम्ही हा लेख फोनवरच वाचत असणार. खुशाल वाचा. पण यावर वाद घालणारा लेख लिहायचा असेल, तर मोठ्या स्क्रीनवर हा लेख एका बाजूला उघडा ठेवून लिहा. माझ्या कुठल्या वाक्याला तुमचा विरोध आहे ते वाक्य तुमच्यासमोर असेल, आणि मलाही उत्तर देणं भाग पडेल.

बिजागरी, वजन आणि वीज

लॅपटॉपचा खरा दोष इंचांमध्ये नाही, बिजागरीत आहे. स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जखडलेले. हात सोयीचे ठेवले तर मान खाली जाते. स्क्रीन डोळ्यांसमोर उचलली तर हात हवेत. चौदाच्या जागी सोळा इंची घेतला तरी ही बिजागरी तशीच राहते. पोथी ठवणीवर ठेवणाऱ्या माणसाला ही गोष्ट कळली होती. बाहेरचा मॉनिटर डोळ्यांच्या उंचीला, हाताच्या अंतरावर ठेवता येतो. त्याचा स्टँड बुटका असेल तर खाली दोन जाड पुस्तकं चालतात; जुन्या गाइडांचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

मग वजन. चौदा इंची लॅपटॉप साधारण दीड किलोच्या आत-बाहेर असतो. मोठ्या स्क्रीनचे पावणेदोन-दोन किलोंच्या पुढं जातात, शिवाय चार्जर. चाकूरहून लातूरला रोज एसटीनं जाणाऱ्याला, उभं राहून, पाठीवर सॅक घेऊन, हा फरक दर दिवशी दोनदा मोजावा लागतो. मोठा लॅपटॉप दोन महिन्यांनी घरीच राहायला लागतो, आणि घरीच ठेवायचा तर तो मॉनिटरपेक्षा लहान आणि महाग आहे. ‘जवळ नेता येईल आणि मोठंही असेल’ असं एकच यंत्र मागितलं, की बहुधा दोन्ही अर्धंच मिळतं.

मॉनिटरला बॅटरी नसते, हा इथला रास्त आक्षेप. वीज गेली की तो काळा पडतो. अशा वेळी लॅपटॉप चालू राहतो, मॉनिटरवरच्या खिडक्या लॅपटॉपवर येऊन बसतात आणि काम अडखळत का होईना पुढं जातं. डेस्कटॉप घेतला असता तर लिहिलेलंही गेलं असतं. चोवीस इंची एलईडी मॉनिटर साधारण वीस वॉटच्या आसपास वीज खातो. घरी पंख्यासाठी इन्व्हर्टर असेल तर त्यावर तो सहज चालतो.

घरातला टीव्ही का नको?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि विचारायलाच हवा. भिंतीवर ३२ इंची टीव्ही आहे, एचडीएमआयची वायर दीडशे-दोनशेला मिळते, मग मॉनिटर कशाला? व्हिडिओ बघायला काहीच हरकत नाही. मजकुरासाठी मात्र ठिपक्यांचा हिशेब करावा लागतो. ३२ इंची साध्या ‘एचडी रेडी’ टीव्हीवर आडवे १,३६६ आणि उभे ७६८ ठिपके असतात, म्हणजे इंचाला सुमारे ४९. चोवीस इंची फुल एचडी मॉनिटरवर इंचाला ९२. त्याच फुल एचडीचा २७ इंची घेतला तर ८२वर घसरतो. १५.६ इंची फुल एचडी लॅपटॉपवर १४१, आणि १,९२० बाय १,२०० ठिपक्यांच्या चौदा इंचीवर १६२.

इंग्रजीत हा फरक थोडा खपून जातो. मराठीत नाही. अकरा पॉइंटचं अक्षर ९२ ठिपक्यांच्या स्क्रीनवर सगळं मिळून चौदा ठिपक्यांत बसवावं लागतं. त्यातला अनुस्वार जेमतेम दीड-दोन ठिपक्यांचा. आणि आपल्याकडं ‘घर’ आणि ‘घरं’ यांत एक की अनेक, हे तेवढा अनुस्वार सांगतो. ‘द्ध’ आणि ‘द्व’, ‘कृ’ आणि ‘कु’ हेही असेच काठावरचे. म्हणून मराठी वाचणाऱ्यानं २७ इंची फुल एचडीच्या मोहात पडू नये. २७च हवा असेल तर २,५६० बाय १,४४० ठिपक्यांचा बघावा, तो महाग पडतो. चोवीस इंची फुल एचडीवरही मी मजकूर सव्वापट करून वाचतो. तेवढी जागा तिथं असते. शेवटचं प्रूफ मात्र लॅपटॉपच्या दाट स्क्रीनवर किंवा सरळ कागदावर. ताडायला मोठी स्क्रीन, टिपायला बारीक.

घेण्याआधी आणखी एक बघा. काही पातळ लॅपटॉपांना एचडीएमआयचं भोक नसतं आणि प्रत्येक टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर जातंच असं नाही. दुकानात मॉनिटर जोडून दाखवायला सांगा. आणि घरी आल्यावर विंडोजचं बटन दाबून धरून डावा किंवा उजवा बाण दाबायला शिका. खिडकी अर्ध्या स्क्रीनवर नीट जाऊन बसते. मोठा मॉनिटर घेऊन त्यावर एकच खिडकी पूर्ण पसरून काम करणारे लोक मी बघितलेत. ते मोठं शेत घेऊन एका कोपऱ्यात कोथिंबीर लावल्यासारखं आहे.

मोठ्या स्क्रीनचा धोका

एक आक्षेप मी स्वतःच घेतो. शेजारी जागा मिळाली की तिथं दुसरा पाठच येईल, याची काही हमी नाही. व्हॉट्सॲप वेब येईल, क्रिकेटचा स्कोअर येईल, यूट्यूब येईल. आणि पहिला खर्डा लिहिताना मोठी स्क्रीन खरंच नडते. समोर दहा संदर्भ उघडे असले की स्वतःचं वाक्य सुचत नाही. दुसऱ्यांचीच वाक्यं फिरवून लिहिली जातात. माझ्या बघण्यातली बरीच चांगली पहिली वाक्यं वहीच्या मागच्या पानावर किंवा फोनच्या नोट्समध्ये लिहिलेली आहेत. तेव्हा बघायला दुसरं काही नसणं हाच फायदा असतो.

म्हणून स्क्रीनचा आकार माणसागणिक ठरवण्यापेक्षा कामाच्या टप्प्यागणिक ठरवावा. सुचायला लहान, ताडायला मोठी, तपासायला दाट. चौदा इंची लॅपटॉप आणि चोवीस इंची मॉनिटर या जोडीत तिन्ही टप्पे बसतात, कारण मॉनिटर बंद करता येतो. सोळा इंची लॅपटॉपचे दोन इंच कमी करता येत नाहीत आणि वाढवताही येत नाहीत.

पैसे फक्त लॅपटॉपपुरतेच असतील तर लहान आणि चांगला घ्या, मॉनिटर वर्षभरानं घ्या. वापरलेलाही चालेल, त्यावर एखादी रेघ नाही ना एवढं बघून. घरात टेबल नसेल तर गावातल्या वाचनालयात, कॉलेजात मॉनिटर मागा. तालुक्याच्या वाचनालयांत स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी खुर्च्या वाढल्या, ते चांगलंच झालं. त्यातल्या दोन टेबलांवर प्रत्येकी एक चोवीस इंची मॉनिटर आणि एक वायर ठेवली, तर जुनी नियतकालिकं, शब्दकोश, ओव्यांचे संग्रह शेजारी-शेजारी उघडून बसणारी चार मुलं तरी दर वर्षी निघतील. दाते-कर्व्यांचा शब्दकोश आणि मोल्सवर्थ दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. चाकूरमधून ते उघडतात. ते आणि आपला मजकूर एकाच वेळी दिसेल एवढी काच तेवढी कमी आहे.